डागडुजीतून घडलेला गोलरक्षकाचा साज

बर्फावरच्या हॉकीचा इतिहास लिहिणारे सामने, विक्रम आणि चषक यांची नोंद बारकाईने घेतात. गोलरक्षकाच्या अंगावर चढणाऱ्या साहित्याची हकीकत मात्र त्या नोंदींच्या समासातच पडून राहते, आणि जिथे ती सांगितली जाते तिथेही एखाद्या कल्पक माणसाने एके दिवशी नवीच वस्तू निर्माण केली, असा तिचा थाट असतो. कॅनडातील या साहित्याची शंभर-सव्वाशे वर्षांची वाटचाल तपासली तर हा थाट फारसा टिकत नाही. पॅड असोत, पंजा असो की मुखवटा, त्यांतला जवळजवळ प्रत्येक मोठा बदल दुसऱ्या खेळातून किंवा दुसऱ्या धंद्यातून उसन्या आणलेल्या, बऱ्याचदा वापरून झिजलेल्या वस्तूला उसवून, रुंद करून किंवा ठिगळ जोडून झालेला आहे. तो करणारे हात घोड्याचा साज शिवणाऱ्याचे, नळ दुरुस्त करणाऱ्याचे किंवा संघाच्या सामानाची देखभाल करणाऱ्या नोकराचे आहेत, आणि त्या बदलाचा निकाल कारखान्यात न लागता बर्फावर, खऱ्या फटक्यांसमोर लागलेला आहे.

३ मार्च १८७५ रोजी माँट्रियलच्या व्हिक्टोरिया स्केटिंग रिंकमध्ये, म्हणजे बर्फाच्या बंदिस्त क्रीडांगणात, जो सामना झाला तो या खेळाचा पहिला संघटित बंदिस्त सामना मानला जातो, आणि त्या काळी गोलरक्षक व इतर खेळाडू यांच्या पोशाखात सांगण्याजोगा फरक नव्हता. तशी गरजही फारशी भासली नसावी, कारण चकती बव्हंशी बर्फालगत सरपटत येई आणि गोलरक्षकाने उभे राहूनच गोल राखावा असा दंडक होता. मुद्दाम बर्फावर लोळण घेऊन चकती अडवणाऱ्याला पुढे व्यावसायिक संघांच्या नियमांत शिक्षाही ठेवलेली होती. खेळाडू जिला ‘पक’ म्हणतात ती ही चकती पुढे व्हल्कनाइज केलेल्या, म्हणजे गंधक घालून उष्णतेने कठीण केलेल्या रबराची होऊ लागली. आज तिचा व्यास ३ इंच, जाडी १ इंच आणि वजन साडेपाच ते सहा औंस असते, आणि गार रबर कमी उसळते म्हणून सामन्यापूर्वी ती गोठवून ठेवतात. सहा फूट रुंद आणि चार फूट उंच गोलासमोर उभ्या असलेल्या माणसाच्या नडगीवर असा गोठलेला रबर आदळू लागला, तेव्हा संरक्षणासाठी त्याने हाताशी होते तेच उचलले. १४ फेब्रुवारी १८९६ रोजी माँट्रियलमध्ये झालेल्या स्टॅन्ली चषकाच्या आव्हान-सामन्यात विनिपेग व्हिक्टोरियाज संघाचा गोलरक्षक व्हायटी मेरिट पायांना क्रिकेटचे पांढरे पॅड बांधून उतरला, त्याच्या संघाने माँट्रियल व्हिक्टोरियाजना २-० असे हरवले, आणि त्यानंतर क्रिकेटचा पॅड हाच गोलरक्षकाचा पॅड ठरून गेला.

क्रिकेटचा पॅड मराठी वाचकाला परका नाही. उभ्या वेताच्या कांड्या, त्यांभोवती कापसाचा थर, वरून कापड किंवा कातडे आणि मागे तीन पट्टे अशी त्याची जुनी बांधणी असे, आणि फलंदाजाला धाव घ्यायची असल्याने तो पायाभोवती वळून चपखल बसेल असा अरुंद व बाकदार केलेला असे. फलंदाजाच्या पायाला लागून चेंडू कुठेही उडाला तरी पॅडचे काम झालेले असते. गोलरक्षकाचे तसे नाही, कारण त्याच्या पायाला लागून चकती कुठे जाते यावरच गोल वाचणार की होणार हे ठरते. बाकदार पॅडच्या कडेला लागलेली चकती तिरकी होऊन पायामागे, थेट गोलात जात असे. हा दोष वर्षानुवर्षे सोसला गेला, याचे एक कारण असे दिसते की उभ्याने खेळणाऱ्या गोलरक्षकाचा खरा भर काठीवर होता आणि पॅड केवळ नडगी वाचवण्यासाठी होता.

हा हिशेब १९१८ मध्ये बदलला. नॅशनल हॉकी लीग आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरात स्थापन झाली होती आणि ऑटावा संघाचा गोलरक्षक क्लिंट बेनेडिक्ट तोल गेल्याचे किंवा प्रार्थनेला बसल्याचे सोंग करून वारंवार गुडघ्यांवर येत असे. पंचांना त्याचा हेतू सिद्ध करता येईना, तेव्हा लीगचे अध्यक्ष फ्रँक कॅल्डर यांच्या कारकिर्दीत, जानेवारी १९१८ मध्ये, गोलरक्षकाला बर्फावर पडण्याची मुभाच देण्यात आली. प्रशांत किनाऱ्यावरील प्रतिस्पर्धी लीगमध्ये ही मुभा त्याआधीच मिळालेली होती. नियमातल्या या एका ओळीने पॅडचे काम पालटले: तो आता नडगीचे कवच राहिला नाही, चकती अडवण्याचे मुख्य हत्यार झाला.

या नव्या गरजेला उत्तर ऑन्टारियो प्रांतातल्या हॅमिल्टन शहरात सापडले. हॅमिल्टन हे पोलादाचे गाव, आणि तिथल्या बार्टन स्ट्रीटवर एमिल केनेस्की, ज्यांना पुढे सारे ‘पॉप’ म्हणू लागले, घोड्याचा साज शिवण्याचा धंदा करत. महाराष्ट्रात ज्या कारागिराला जीनगर म्हटले गेले त्याच्या जवळचा हा व्यवसाय: खोगीर, लगाम, तंग, मानेवरची गादी, त्यांचे पट्टे आणि बकले बनवणे व त्याहून अधिक वेळा ती दुरुस्त करणे. मोटारी आल्या तसा या धंद्याला उतार लागला आणि कातड्याचे जे काही काम दुकानात येईल ते घेणे भाग पडले. हॅमिल्टनमध्ये सांगितली जाणारी हकीकत अशी की, चर्चच्या संघांचा एक सामना पाहताना क्रिकेटच्या पॅडवरून चकती तिरकी होऊन गोलात जाते हे केनेस्कींच्या नजरेत भरले. आणि १९२४ च्या सुमारास हॅमिल्टन टायगर्स संघाचा गोलरक्षक जेक फोर्ब्स याचे पॅड दुरुस्तीसाठी त्यांच्याकडे आले तेव्हा त्यांनी ते नुसते सांधून परत न करता दोन्ही बाजूंनी वाढवून बारा इंच रुंद केले. फोर्ब्स उंचीने लहान होता, आणि अशा माणसाला पॅडचा वाढलेला प्रत्येक इंच मोलाचा वाटला असेल यात शंका नाही. त्यापूर्वीचे चारही मोसम तळाला राहिलेला हा संघ १९२४-२५ मध्ये लीगमध्ये अव्वल आला. याचे श्रेय पॅडला देण्याचा मोह हॅमिल्टनकरांना आवरलेला नाही. परंतु त्याच मोसमात संघातल्या बिली बर्चला लीगच्या सर्वात मौल्यवान खेळाडूसाठीचा हार्ट चषक मिळाला होता, हेही विसरून चालत नाही. वाढीव मोबदल्यासाठी खेळाडूंनी अंतिम फेरीवर बहिष्कार घातल्याने तो संघ मोडला आणि त्याचे खेळाडू न्यूयॉर्कला गेले. पॅड मात्र मागे राहिले आणि इतर संघ त्यांची चौकशी करू लागले.

केनेस्कींच्या पॅडची बांधणी पाहिली की त्यांचा मूळ धंदा लपत नाही. दर्शनी भागाला घोड्याचे कातडे, पाठीला जाड फेल्ट, म्हणजे लोकर दाबून केलेला नमदा, आणि आत हरणाचे केस व कपोक, असा हा प्रकार होता. हरणाचा केस आतून पोकळ असतो व त्यात हवा कोंडलेली असते, त्यामुळे तो वजनाला हलका राहून धक्का सोसतो. कपोक म्हणजे पांढऱ्या सावरीच्या बोंडातून निघणारा रेशमी कापूस. महाराष्ट्रात सावरीच्या कापसाच्या उश्या व गाद्या पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत. दुसऱ्या महायुद्धापूर्वी जगाच्या बाजारात जाणारा बराचसा कपोक जावा बेटावरून निघे, आणि त्याच्या तंतूंवर मेणासारखा थर असल्याने पाणी चटकन आत शिरत नाही म्हणून तो बुडणाऱ्याला तरंगवणाऱ्या जाकिटांतही भरला जाई. पॅडच्या बाहेरच्या कडेने उभी जाणारी आणि गुडघ्यावर आडवी येणारी गुंडाळीसारखी जाड वळी या भरणानेच उभी केलेली असत, आणि त्या वळ्यांचा उपयोग असा की कडेकडे घसरणारी चकती तिथे अडून पुन्हा समोर पडे. भरण सगळीकडे सारखे बसावे, कुठे गोळा तर कुठे पोकळी राहू नये, यासाठी पॅड शिवून झाल्यावर तो ठोकून ठोकून सपाट करावा लागे. हे काम यंत्राला जमणारे नव्हते आणि एक जोड तयार व्हायला पुष्कळ वेळ लागे.

शिवणीचाही विशेष सांगण्याजोगा आहे. साज शिवणारा कारागीर मेण लावलेल्या एकाच दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया ओवतो, आरीने भोक पाडतो आणि दोन्ही सुया त्याच भोकातून विरुद्ध दिशांनी ओढून घेतो, त्यामुळे प्रत्येक भोकात दोन धागे एकमेकांना घासून घट्ट बसतात. यंत्राच्या शिवणीत एक धागा तुटला की ओळ उसवत जाते. या टाक्यात एक बाजू झिजली तरी दुसरी बाजू जागा सोडत नाही. घोडा बिथरून झटका देतो तेव्हा लगाम तुटू नये म्हणून पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेलेला हा टाका बर्फावर चकतीचे हिसके सोसायला तितकाच उपयोगी पडला.

लीगच्या धुरिणांना या रुंदीची धास्ती वाटली. पॅडची कमाल रुंदी प्रथम बारा इंचांवर बांधली गेली आणि १९२७-२८ च्या मोसमापासून ती दहा इंचांवर आणली गेली. या दहा इंचांना पुढे साठ-एक वर्षे कोणी हात लावला नाही, आणि त्या काळात लीगमधल्या बहुतेक नामवंत गोलरक्षकांच्या पायांना हॅमिल्टनचेच पॅड होते.

कातड्याच्या पॅडचे आयुष्य दोन गोष्टींनी ठरे, पाणी आणि वाळवण. सामना पुढे सरके तसे बर्फाचे पाणी आणि गोलरक्षकाचा घाम कातड्यातून व टाक्यांच्या भोकांतून आत झिरपे. नवे असताना कपोक पाणी दूर ठेवत असला तरी सततच्या माराने त्याचे तंतू मोडून त्याचा भुगा होऊ लागे, मग तो ओल धरी, आणि तिसऱ्या सत्रापर्यंत पॅड चांगलेच जड झालेले असत. सामना संपल्यावर ते घाईने उष्णतेजवळ टांगावे तर कातड्यातले तेल उडून ते कडक होई व वळणावर चिरे; सावकाश वाळवावे तर दुसऱ्या दिवशीच्या सामन्याला ओलेच राहत आणि आतून वास धरत. संघाच्या सामानाची देखभाल करणाऱ्या माणसाचे अर्धे कौशल्य या मधल्या मार्गातच होते. मोसम संपल्यावर पॅड कारागिराकडे परत जात आणि तिथे त्यांचे जे होई त्याला केवळ दुरुस्ती म्हणणे कमीपणाचे ठरेल. पाठीकडची शिवण उसवायची, गुठळ्या झालेले केस आणि भुगा झालेला कपोक काढून टाकायचा, जे केस अजून उभारी धरून आहेत ते पिंजून व वाळवून पुन्हा घ्यायचे, उरलेली जागा नव्या भरणाने भरायची, काठीच्या घासण्याने पातळ झालेल्या खालच्या भागावर नवे कातडे चढवायचे, कुजलेले पट्टे बदलायचे, आणि सगळ्यावर जनावराच्या पायांच्या हाडांपासून काढलेले तेल चोळून कातडे पुन्हा मऊ करायचे. गादी पिंजून पुन्हा भरणाऱ्या पिंजाऱ्याच्या कामाशी याचे नाते अगदी सख्खे आहे. असा भरून घेतलेला पॅड अनेक गोलरक्षकांना नव्यापेक्षा प्यारा असे, कारण कातड्याने पायाचा आकार आधीच घेतलेला असे आणि घोट्यापाशी तो कुठे मोडतो हे पायाला ठाऊक झालेले असे.

हाताच्या साहित्याची हकीकत याहून थोडक्यात सांगता येते, पण ती याच जातीची आहे. गोलरक्षक डाव्या हाताला बराच काळ साध्या खेळाडूचा, थोडाफार जाड केलेला हातमोजाच घालत असत. एमिल फ्रान्सिस हा गोलरक्षक उन्हाळ्यात बेसबॉल खेळे, आणि १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात शिकागो संघाकडून खेळताना त्याने बेसबॉलमधल्या पहिल्या बेसवरच्या खेळाडूचा रुंद, खोलगट पंजा घेतला आणि मनगट उघडे राहू नये म्हणून हॉकीच्या हातमोज्याचा मनगटपट्टा त्याला शिवून घेतला. डेट्रॉइटमध्ये प्रतिस्पर्धी संघाचा व्यवस्थापक जॅक ॲडम्स याने त्यावर हरकत घेतली, प्रकरण लीगचे अध्यक्ष क्लॅरेन्स कॅम्बेल यांच्यापुढे गेले आणि त्यांनी पंजा चालवून घेतला. आज ‘ट्रॅपर’ नावाने दुकानांत मिळणारा, चकती झेलण्याची जाळीदार खोबण असलेला पंजा या जोडकामाचा वंशज आहे. दोन खेळांच्या दोन जुन्या वस्तूंमधली ती एक शिवण होती, त्याहून अधिक काही नाही. तरी तिने चकती अडवणाऱ्याला चकती झेलणारा केले.

मुखवट्याच्या बाबतीत अडथळा कारागिरीचा नव्हता, लोकलज्जेचा होता. १९२७ मध्ये कॅनडातील क्वीन्स विद्यापीठाच्या एलिझाबेथ ग्रॅहम हिने तलवारबाजीचा जाळीचा मुखवटा लावून गोल राखला होता; १९३० मध्ये हाउई मोरेन्झच्या फटक्याने चेहरा फुटल्यावर बेनेडिक्टने कातड्याचा मुखवटा काही सामन्यांत वापरून, समोरचे नीट दिसत नाही म्हणून सोडून दिला; आणि १९३६ च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये जपानचा तेइजी होन्मा बेसबॉलच्या धर्तीची जाळी लावून उतरला. तरीही व्यावसायिक लीगमध्ये उघड्या चेहऱ्याने उभे राहणे हाच मर्दपणा समजला जाई. १९५० च्या दशकात काठी मागे नेऊन बर्फ खरवडत मारण्याचा ‘स्लॅप शॉट’ रूढ झाला आणि चकती जमीन सोडून डोक्याच्या उंचीवर येऊ लागली, तेव्हा हा मर्दपणा परवडेनासा झाला. १ नोव्हेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अँडी बाथगेटच्या फटक्याने माँट्रियलचा गोलरक्षक जॅक प्लान्ट याचे नाक व गाल फाटले. टाके घालून झाल्यावर, मुखवटा लावू दिला तरच परत येतो अशी अट त्याने प्रशिक्षक टो ब्लेक यांना घातली, राखीव गोलरक्षक बाळगण्याची पद्धत तेव्हा नसल्याने ब्लेक यांना ती मान्य करावी लागली, आणि माँट्रियलने तो सामना ३-१ असा जिंकला.

तो मुखवटा बिल बर्चमोर यांनी केला होता, आणि ते काचतंतूंच्या वस्तू बनवणाऱ्या फायबरग्लास कॅनडा या कंपनीत नोकरीला होते. चेहऱ्याचा प्लास्टरचा साचा घ्यायचा आणि त्यावर काचतंतूंचे कापड व राळ यांचे थर चढवून ते कठीण होऊ द्यायचे, अशी ही पद्धत होती. ती एकदा उघड झाल्यावर मुखवटे करणे कोणाही खटपट्या माणसाच्या आवाक्यात आले. बॉस्टनजवळच्या नॉरवुड गावातले अर्नी हिगिन्स हे धंद्याने नळकारागीर, पण १९६० आणि ७० च्या दशकांतल्या कितीतरी नामवंत चेहऱ्यांवर त्यांच्या हातचे मुखवटे होते, आणि तडा गेलेल्या मुखवट्यावर आतून नवा थर चढवून तो परत वापरात आणणे हाही या कामाचा भाग होता. बॉस्टनच्या गेरी चीव्हर्सचा मुखवटा हिगिन्स यांनीच केलेला. सरावात त्यावर चकती बसली तेव्हा संघाचा मदतनीस जॉन फॉरिस्टॉल याने, मुखवटा नसता तर जिथे टाके पडले असते तिथे, काळ्या शाईने टाके रेखाटले, आणि पुढे प्रत्येक फटक्यागणिक त्यांत भर पडत गेली. मुखवटे रंगवण्याची जी मोठी कला पुढे वाढली तिचा आरंभ या थट्टेत शोधला जातो. त्या थट्टेला एक व्यावहारिक बाजूही होती, कारण कोणत्या जागी वारंवार मार बसतो हे त्या मुखवट्यावर आपोआप नोंदले जात होते.

कातड्याचे राज्य १९८० च्या दशकात संपले. जिम लोसन यांनी बनवलेले ‘एरोफ्लेक्स’ नावाचे चौकोनी, फोम भरलेले, दिसायला गाद्यांच्या तुकड्यांसारखे पॅड बॉस्टनचा रेजां लेमलां वापरू लागला तेव्हा त्यांची चेष्टा झाली, पण ते पाणी पीत नव्हते आणि वजनाला जुन्यांच्या मानाने फारच हलके होते. त्याच सुमारास कृत्रिम कातड्याने घोड्याच्या कातड्याची जागा घेतली. गोलरक्षणाची रीतही बदलत होती: ग्लेन हॉल आणि टोनी एस्पोझिटो यांनी रुळवलेली, गुडघे एकत्र टेकून नडग्या दोन्ही बाजूंना पसरण्याची ‘बटरफ्लाय’ पद्धत पॅट्रिक रॉय आणि त्याचे प्रशिक्षक फ्रान्स्वा अलेर यांनी जवळपास शास्त्रासारखी घोटवली, आणि दर फटक्याला गुडघ्यांवर आपटायचे तर ओलसर जड पॅड घेऊन ते शक्य नव्हते. पॅडची रुंदी १९८९ मध्ये पुन्हा बारा इंच झाली आणि २००५ मध्ये ती अकरावर आली; पंजा, छातीचे कवच, चड्डी यांची मापेही आवळली गेली, कारण हलक्या फोममुळे संरक्षणाच्या नावाखाली अंगाचा विस्तार करणे फार सोपे झाले होते.

या बदलाने डागडुजीचे स्वरूपच पालटले. केस आणि कपोक पिंजून पुन्हा उभे करता येत होते. फोममधल्या हवेच्या सूक्ष्म कोठड्या एकदा चिरडल्या की त्या परत फुगत नाहीत, तो थर कापून नवा घालावा लागतो. शिवाय झीज होण्याच्या जागा बदलल्या. जुना पॅड समोरून, काठीच्या आणि चकतीच्या माराने झिजे. नवा पॅड आतल्या बाजूने झिजतो, कारण गुडघा टेकल्यावर पॅडची आतली कड बर्फावर घासत सरकते. त्यामुळे आजचा दुरुस्ती करणारा वापरलेला पॅड हातात घेतला की प्रथम ती आतली कड आणि गुडघा टेकतो त्या जाड ठोकळ्याची शिवण तपासतो, मग बुटाच्या टोकाशी बांधली जाणारी नाडी आणि पोटरीवरचे पट्टे पाहतो. पंजाचा तळहात ही दुसरी दुखरी जागा: घामातल्या मिठाने तिथले मऊ कापड कडक होऊन फाटते, आणि ते बदलायचे तर बोटांमागचे सगळे संरक्षण जागच्या जागी ठेवून फक्त तळवा उसवावा लागतो, हे काम शिवणयंत्राच्या सुईखाली नीट बसत नसल्याने आजही बऱ्याच अंशी हाताने चालते. ट्रॅपरची खोबण मात्र साध्या स्केटच्या नाडीने पुन्हा विणता येते, आणि ती किती सैल ठेवायची हे गोलरक्षकाच्या सवयीवर सोडलेले असते.

दुरुस्त साहित्य खुर्चीत बसून पारखता येत नाही, ही या धंद्यातली जुनी खूणगाठ आहे. बर्फावर उतरून गोलरक्षक प्रथम चकतीविनाच खाली बसतो आणि पॅडची आतली कड बर्फाला सलग टेकते की मध्ये फट राहते हे पाहतो, कारण तेवढ्या फटीतूनही चकती निसटते. पट्टे फार आवळलेले असतील तर खाली बसताना पॅड पायाभोवती वळत नाही आणि गुडघा ठोकळ्यावरून घसरून उघड्या बर्फावर आपटतो; फार सैल असतील तर पॅड जास्तच वळतो आणि त्याचा दर्शनी भाग आकाशाकडे होतो. नव्या लावलेल्या ठिगळाचे कापड खरबरीत असेल तर डावी-उजवीकडे सरकताना ते बर्फ धरते, आणि हा दोष नुकत्याच पाणी मारून गुळगुळीत केलेल्या बर्फावर लपून राहतो व खेळून खेळून बर्फाचा चुरा साचल्यावर उघड होतो, म्हणून जाणकार माणूस चाचणी लगेच संपवत नाही. मग खालून हळू फटके, नंतर जोराचे. भरण बदललेल्या पॅडवरून चकती पूर्वीपेक्षा लांब उसळली तर तो दोषच असतो असे नाही, पण ती कुठे पडणार याचा गोलरक्षकाचा अंदाज मात्र नव्याने बसवावा लागतो.

मुखवट्यापाशी ही सगळी मोकळीक थांबते. कॅनडात चेहऱ्याच्या संरक्षणाला प्रमाणित दर्जाची मोहोर लागते, आणि मुखवट्याला नवे भोक पाडले किंवा जाळी बदलून दुसऱ्या प्रकारची बसवली तर ती मोहोर बाद समजली जाते. हिगिन्स यांच्या काळी जे सर्रास चाले ते आज कनिष्ठ गटांच्या सामन्यांत चालत नाही. गळ्याचे संरक्षणही असेच अपघातांतून आले. १९७५ मध्ये किम क्राउच या तरुण गोलरक्षकाचा गळा स्केटच्या पात्याने कापला गेल्यावर त्याच्या वडिलांनी गळपट्टा तयार केला, आणि २२ मार्च १९८९ रोजी बफेलोच्या क्लिंट मालार्चुकवर तोच प्रसंग ओढवल्यानंतर गळ्याच्या संरक्षणाकडे व्यावसायिकांचेही लक्ष गेले.

गोलरक्षकाचा संपूर्ण संच महाग असल्याने वापरलेल्या साहित्याचा प्रवास कॅनडापुरता राहिलेला नाही, आणि त्याचे एक टोक भारतात आहे. सिमल्याला १९२० मध्ये स्केटिंगची रिंक सुरू झाली. परंतु भारतातली बर्फावरची हॉकी खऱ्या अर्थाने रुजली ती लडाखमध्ये, जिथे लष्करी बुटांना पाती जोडून लोक गोठलेल्या तळ्यांवर खेळू लागले. १९८९ मध्ये भारतीय संघटना आंतरराष्ट्रीय महासंघाची सदस्य झाल्यानंतरही देशात हे साहित्य बनवणारा कोणी नव्हता, त्यामुळे कॅनडा-अमेरिकेतून येणाऱ्या खेळाडूंनी आणि संस्थांनी आणलेल्या जुन्या संचांवर तिथल्या खेळाची मोठी भिस्त राहिली. दुसऱ्याच्या मापाचा, दुसऱ्याच्या सवयीने मोडलेला पॅड आपल्या पायाला बसवून घेण्याचे काम, जे एकेकाळी हॅमिल्टनच्या दुकानात चाले, ते लेहमध्ये खेळाडूंनाच करावे लागले. मुलींच्या वाट्याला तर तेही उशिरा, मुलांच्या हातून सुटलेले साहित्य मागून घेतल्यावर आले. २०१६ मध्ये भारताचा महिला संघ पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला. या संघाची गोलरक्षक नूर जहाँ हिचा व्यवसाय लडाखमधल्या जुन्या भित्तिचित्रांचे आणि कलावस्तूंचे जतन करण्याचा आहे.